हिकोनेहून आलेली कॅसेट

"मगरिब झाली की त्याला एकटा सोडू नकोस, बाय."

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत बसून सुपारी कातरता कातरता अख्तरुन्निसा चाचीने नसीमाला हे सांगितलं होतं. चाची म्हणजे तिच्या नवऱ्याची, नजीबची, थोरली चुलती. आमच्या घरातल्या बाप्यांची नजर दिवसाबरोबर मावळते, असंही ती म्हणाली. नसीमाला हसू आलं. रत्नागिरीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती, आणि रातांधळेपणा कशाने होतो हे तिने परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की होतो. त्यावर गाजर, पपई, शेवग्याचा पाला, माशाचं तेल. मी घालीन त्यांना खायला, ती म्हणाली. चाचीने अडकित्ता थांबवून तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा कातरायला घेतलं.

नसीमाने खरंच खायला घातलं. बहारीनला आल्यापासून सहा वर्षं, दर सकाळी चहाआधी, एक चमचा माशाचं तेल. नजीब लहान मुलासारखा तोंड उघडून ते घ्यायचा. तापात साधी गोळी न घेणारा माणूस हे तेल विनातक्रार गिळतो, याचं तिला एकदा तरी नवल वाटायला हवं होतं. पण नवल वाटायला कारण काय होतं? नजीब सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायचा. व्हिसाच्या मेडिकलला तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्याने न अडखळता वाचली होती. सित्र्याच्या कारखान्यात तो व्हॉल्व्ह फिटर होता. व्हॉल्व्हच्या पोलादी बैठकीवर केसाएवढा ओरखडा असला तरी नजीबला दिसतो, असं त्याचे सोबती सांगायचे. डोळ्यांची काळजी करावी असा हा माणूसच नव्हता.

काळजी करायला नसीमाला दुसरं पुष्कळ होतं. जुफैरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती गॅसचं बटण तीनदा बघायची. खिडकीची कडी, बाथरूमची बादली, चार वर्षांच्या लेकीच्या, रुकय्याच्या, घशात अडकेल अशी प्रत्येक वस्तू तिच्या नजरेत असायची. संध्याकाळी नजीब कंपनीच्या बसमधून उतरला की थेट घरात यायचा आणि मग बाहेर पडायचं नाव काढायचा नाही. दमलोय, म्हणायचा. इतर बायकांचे नवरे पत्ते कुटायला जायचे, व्हिडिओ बघायला जायचे. आपला घरकोंबडा आहे, असं नसीमा थोडं तक्रारीने आणि बरंचसं कौतुकाने सांगायची.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात कंपनीने नजीबला जपानला पाठवायचं ठरवलं. कारखान्यात एक नवा विभाग उभा राहत होता, त्याचे व्हॉल्व्ह हिकोने नावाच्या गावात बनत होते. ते उघडायचे कसे, बसवायचे कसे, हे सहा आठवडे तिथे राहून शिकायचं. बरोबर बाळाजी, संगमेश्वरकडचा तरणा फिटर. परत आल्यावर नजीब नव्या विभागाचा शिफ्ट इन्चार्ज होणार होता. बातमी आली त्या दिवसापासून दोन दिवस नजीब गप्प होता. विमानाची भीती वाटत असेल, असं नसीमा धरून चालली.

तिने अ‍ॅटलासमध्ये हिकोने शोधलं. केवढ्या तरी मोठ्या तळ्याच्या काठाला बारीक टिंब. पहिल्या आठवड्यात रंगीत कार्ड आलं. टेकडीवर पांढऱ्या भिंतींचा, वळलेल्या छपरांचा किल्ला, खाली खंदक. तिने उलट टपाली लिहिलं की मला हा किल्ला नीट बघायचा आहे, एका कार्डाने भागायचं नाही. तीन आठवड्यांनी दाजी एक पुडकं घेऊन आला. दाजी देवगडकडचा, नजीबच्या गँगचा फोरमन. कंपनीच्या पत्त्यावर आलेलं टपाल तोच घरोघर पोचवायचा. पुडक्यात कॅसेट होती. चहा घेऊन जा म्हटलं तर दाजी बसला नाही.

कॅसेट वाऱ्याच्या आवाजाने सुरू झाली. मग नजीब, जरा वरच्या पट्टीत, ट्रंक कॉलवर बोलावं तसा. आज इथे रविवार, छोटा टेपरेकॉर्डर घेतलाय, खांद्याला अडकवलाय, आता चल माझ्याबरोबर, असं म्हणून त्याने तिला किल्ल्यात नेलं.

खंदकावरचा पूल लाकडी होता. त्यावर पावलं पोकळ वाजत होती. पाण्यात बदकं होती आणि त्यांचा ओरडा ऐकू यावा म्हणून त्याने रेकॉर्डर तिकडे धरला. पुढे दगडी पायऱ्यांचा चढ लागला. बाळाजी मोडक्या इंग्रजीत माहितीपत्रक वाचून दाखवत होता. या पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या ठेवल्या आहेत, चढून येणाऱ्या शत्रूची नजर पायाशीच राहावी, वर काय आहे ते त्याला बघता येऊ नये. हुशार माणसं, नजीब म्हणाला, आणि धापा टाकत हसला. मग आणखी एक पूल आला, हल्ला झालाच तर पाडून टाकता येईल असा. तो ओलांडताना तीनची घंटा वाजली. तिचा घुमारा इतका वेळ टिकला की नजीब बोलायचा थांबला. ऐकलंस ना, असं त्याने मागाहून विचारलं. नसीमाने जुफैरमध्ये मान हलवली.

मुख्य इमारतीत बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात न्यायची. आपल्या मशिदीसारखंच, फक्त बूट बरोबर हिंडवायचे, नजीब म्हणाला. आत साडेतीनशे वर्षांपूर्वीचं लाकूड, पायाला गार आणि काचेसारखं गुळगुळीत. तुळया हाताने घडवलेल्या, त्यांवर अजून हत्याराचे व्रण लागतात. जिने म्हणजे शिड्याच. एकाला धरायला दोरी. जुन्या लाकडाचा वास त्याला गावच्या होडीच्या तळासारखा वाटला. सगळ्यात वरच्या मजल्यावर खिडकीतून वारा आत घुसत होता.

"तळं केवढं आहे म्हणून सांगू, नसीमा. समुद्रच. निळंशार पाणी, पलीकडचा काठच नाही."

त्यावर बाळाजीचा हळू आवाज आला. "नजीबभाई, तळं ह्या अंगाला. तिकडे डोंगर आहे."

"तेच सांगतोय मी तिला," नजीब म्हणाला.

नसीमा खुदकन हसली. उतरताना कॅसेटमध्ये काहीतरी धप्पकन आपटलं, खरखर झाली आणि आवाज तुटला. पुन्हा सुरू झाला तो खोलीतला होता. बटण चुकून दाबलं गेलं, असं सांगून नजीब रात्रीच्या जेवणातल्या माशाबद्दल बोलायला लागला.

दोन दिवस ती कॅसेट घरात वाजत राहिली. रुकय्याला बदकं हवी असायची. "अम्मी, डक्स अगेन," म्हणत ती बटणाशी झोंबायची. तिसऱ्या दिवशी दुपारी नसीमा बांगड्याला मसाला लावत होती. नजीबचं बोलणं तोंडपाठ झालं होतं, म्हणून त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. म्हणूनच तिला त्याच्या खालचा आवाज ऐकू आला.

"पायरी. अजून एक. ही उंच आहे. आता सपाट. डोकं खाली, तुळई आहे. डावा हात, दोरी."

तिने हात धुतले. गॅसचं बटण बघितलं. रुकय्याचा लाल खडू घेतला आणि कॅसेट मागे नेऊन वर्तमानपत्राच्या कडेला रेघा ओढायला लागली. किल्ल्याच्या माथ्यापर्यंत पोचेतो बाळाजी एक्केचाळीस वेळा पायरी म्हणाला होता. उतरतानाच्या तिने मोजल्या नाहीत. संख्येपेक्षा त्याच्या आवाजाने ती हादरली. ओरडून सावध करण्याचा तो आवाज नव्हता. हजारदा केलेलं काम असावं तसा तो सपाट होता, उत्तराची वाट न बघणारा. आणि नजीब एकदाही म्हणत नव्हता की अरे दिसतंय मला.

मग तिने शेवटचा भाग लावला. वारा होता, बाहेरचा. अंधारायला लागलं, थांबा, माझा खांदा धरा, असं बाळाजी म्हणत होता. त्यानंतर तो धप्प आवाज. दगडावरून प्लास्टिक घासल्याची खरखर. आणि बटण बंद होण्याआधी, अगदी पुसट, बाळाजीचं "आई गं, नजीबभाई".

रेकॉर्डर नाही, माणूस पडला होता.

 दोन आठवड्यांनी नजीब परत येणार होता आणि नव्या विभागात रात्रपाळीला दीडशे फुटांच्या मनोऱ्यावर लोखंडी शिड्यांनी एकटा चढणार होता. तिथे पायरी म्हणणारं कोणी नसणार होतं.

शुक्रवारी रुकय्याला घेऊन ती टॅक्सीने मआमीरला गेली. सित्र्याच्या कारखान्यांना लागून असलेल्या त्या गावात दाजी पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचा. बाकीचे तिला बघून उठले आणि चपला सरकवत बाहेर गेले. तिने काही प्रस्तावना केली नाही. नजीबला कधीपासून दिसत नाही, एवढंच विचारलं.

दाजीने रेडिओ बंद केला.

"वहिनी, तुमका म्हायत नाय?"

मग त्याने सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी रात्रपाळीत नजीबने उघड्या गटारात पाय घातला. दिवा होता, झाकण काढलेलं सगळ्यांना दिसत होतं, त्याला दिसलं नाही. दाजी समजायचं ते समजला. गँगमध्ये नऊ माणसं, सगळी कोकणातली. कोणी कोणाला काही बोललं नाही. पण त्या रात्रीपासून अंधारात नजीबच्या पुढे कोणीतरी चालायचं आणि पायरी, पाइप, खड्डा असं तोंडातल्या तोंडात म्हणायचं. बसमध्ये दाराजवळची जागा त्याची. वरचं काम दुसरा करायचा आणि खाली बाकावर बसून सगळ्यांचे व्हॉल्व्ह नजीब घासायचा, आणि तसे घासणारा अख्ख्या सित्र्यात दुसरा नव्हता. एकदा सेफ्टीच्या गोऱ्या साहेबाने विचारलं, तुम्ही लोक सारखं काय पुटपुटता. दाजीने सांगितलं, देवाचं नाव घेतो. साहेब व्हेरी गुड म्हणून निघून गेला.

हे सांगताना दाजीला हसू आलं होतं, ते नसीमाचा चेहरा बघून विरलं. माझ्या कानावर घालावंसं एकालाही वाटलं नाही का, ती म्हणाली.

दाजी गोंधळला. "आमका वाटला, घरात तुमीय तसाच करत असतल्यात."

 नऊ परके बाप्ये तिच्या नवऱ्याला चार वर्षं सांभाळत होते, आणि ते धरून चालले होते की घरी ती सांभाळते. ती काय करत होती? तेल पाजत होती.

नव्या विभागात माणसं कोण असतील, हे तिने विचारलं. दाजीने खाली बघत सांगितलं की तिथली गँग वेगळी, आपल्यातलं एकही माणूस नाही, बाळाजीसुद्धा शिकून परत इकडेच येणार. नजीबने नकार का दिला नाही? नकाराला कारण द्यावं लागतं, वहिनी. आणि कारण दिलं की मेडिकल, आणि मेडिकल झालं की व्हिसा खलास. एवढ्या साध्या हिशेबावर सगळे गप्प बसले होते.

नजीबचं विमान मुहर्रकला उतरलं तेव्हा नुकतीच मगरिबची अजान होऊन गेली होती. नसीमा बाहेरच्या कठड्यापाशी, दरवाजाच्या समोर नाही तर बाजूला, कमी उजेडात उभी राहिली. काय करतोय याची तिला लाज वाटत होती, तरी तिने रुकय्याचं मनगट धरून ठेवलं आणि बोलू नको म्हणून खुणावलं. बाळाजी पुढून ट्रॉली ओढत आला. नजीबचा हात ट्रॉलीच्या दांड्यावर होता, बघणाऱ्याला वाटावं की तोच ढकलतोय. मान ताठ, नजर समोर, ओठांवर आपल्याला घ्यायला आलेल्या माणसांसाठीचं तयार हसू. तो तिच्यापासून एका हातावरून पुढे गेला.

"अम्मी, अब्बा डिडंट सी मी," रुकय्या म्हणाली.

बाळाजी जागच्या जागी थांबला. नजीबने आवाजाच्या दिशेला पूर्ण मान वळवली आणि मगच त्याला त्या दोघी दिसल्या.

घरी आल्यावर तिने त्याची बाही वर सारली. नजीबच्या उजव्या कोपरावर जुन्या जखमेची खपली होती.

"मी तिथेच उभी होते," नसीमा म्हणाली.

"गर्दी होती गं."

"सात माणसं होती. मी मोजली."

नजीब बॅगेवरच बसला. रुमालाची घडी घातली, मोडली. मग बोलायला लागला, आणि इतकं सलग बोलला की हे सगळं मनात लिहून ठेवलेलं असावं. सतराव्या वर्षी मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की डोळ्यामागचा पडदा कडेकडेने वाळत चाललाय. मधलं शेवटपर्यंत राहील, म्हणून तक्ता वाचता येईल, सुई ओवता येईल. आधी अंधारातलं जाईल, मग बाजूचं, आणि किती वर्षांत किती, हे कोणी सांगू शकत नाही. यावर औषध नाही. गाजराचा आणि याचा काही संबंध नाही. किल्ल्यात आत शिरल्यावर त्याला पुढे चालणाऱ्या बाळाजीचा पांढरा सदरासुद्धा दिसेनासा झाला होता. तरी तो माथ्यापर्यंत गेला, कारण तिने बघायचं आहे म्हणून लिहिलं होतं.

"लग्नाआधी सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

 नसीमा म्हणाली, "सहा वर्षं मी तुम्हाला माशाचं तेल पाजलं."

"फार वाईट लागतं ते," नजीब म्हणाला आणि हसायला गेला. तिला हसता आलं नाही.

उद्या साहेबाकडे जाऊन वर्कशॉपमधलं दिवसाचं काम मागा, ती म्हणाली, नाहीतर मी जाऊन सांगते. त्याने व्हिसाचं काढलं, रुकय्याच्या शाळेचं काढलं, दोन वर्षं तरी निभावू दे म्हणाला. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारलं की मनोऱ्यावर तुमच्या पुढे कोण चालणार आहे. नजीबने बॅगेतून कामावरचा शर्ट काढून सकाळसाठी खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबाला उंचीवर चक्कर येते असं सांगितलं. अगदी खोटंही नव्हतं ते. साहेबाने कपाळाला आठ्या घातल्या, जपानचं शिक्षण वाया गेलं म्हणून कुरकुर केली, आणि नव्या विभागाचा इन्चार्ज बाळाजीला केलं. नजीब आता दिवसा बाकावर बसतो. पुढच्या मेडिकलला काय होईल ते ठाऊक नाही. रुकय्याला डॉक्टरने तपासलं आणि इतक्या लवकर काही सांगता येणार नाही म्हणाला. नसीमा रोज संध्याकाळी दिवा मालवून तिच्याकडे चेंडू गडगडवते. अजून तरी ती तो उचलते.

हे सगळं मार्गी लागल्यावर एका जेवणात तिने नजीबला विचारलं की घरात आणखी कोणाला आहे. त्याने घास ताटात परत ठेवला.

"मुनाफला."

मुनाफ त्याचा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा, दोन वर्षांपासून समुद्रापलीकडे सौदीत, दम्मामला असतो. पाण्याचा टँकर चालवतो, उन्हाचा त्रास नको म्हणून रात्रीचा. लायसन्सची परीक्षा भर दुपारी झाली होती. नजीबने त्याला हे काम सोड म्हणून का सांगितलं नाही, हे नसीमाने विचारलं नाही. तिला आता या घरातल्या गप्प बसण्याची रीत कळली होती. तिने त्याच दिवशी मुनाफला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसरं शिक्का मारून परत आलं. त्याच्या कंपनीत फोन लावला तर पलीकडचा माणूस म्हणाला, मुनाफ मफी, इथे नाही, दुसरीकडे गेला. समुद्रात पलीकडे जाणाऱ्या पुलाचे खांब उभे राहताहेत, पण पूल व्हायला वेळ आहे, आणि एकट्या बाईला तिकडचा व्हिसा कोण देतो?

म्हणून ही हकिकत छापायला द्यायला ती तयार झाली. नजीबने आधी नको म्हटलं, मग भावाचं नाव नीट लिही म्हणाला. वाचणाऱ्यांपैकी कोणी दम्माम, खोबर, जुबैल भागात असेल, किंवा कोणाचा भाऊ, दीर, मेव्हणा तिकडे असेल, तर त्याला नसीमाचं मागणं एवढंच आहे, ते तिच्याच शब्दांत:

मुनाफला शोधा. उंच आहे, किडकिडीत, डाव्या भुवईतून खोक गेली आहे, रत्नागिरीकडचा म्हणून सांगेल. डोळ्यांचं विचाराल तर ठीक आहेत म्हणेल आणि हवं तेवढं बारीक अक्षर वाचून दाखवेल, त्यावर जाऊ नका. दिवस मावळल्यावर भेटा. समोर उभे राहा आणि काही न बोलता हात पुढे करा, छातीच्या जरा खाली. त्याने हात हातात घेतला तर मला दोन ओळी टाका. आणि तो तुमच्या तोंडाकडे बघत हसत उभा राहिला, तर गाडीची चावी त्याच्याकडून काढून घ्या, मग मला कळवा.